गॅसवरून विजेवर जायचंय? मग शेगडी सगळ्यात शेवटी आणा

इंडक्शन आणलं की झालं, असं मलाही वाटलं होतं. दुकानात ऑफर होती, उचललं, घरी येऊन ओट्यावर ठेवलं, मिक्सरच्या प्लगला बाजारात मिळतो तो कन्व्हर्टर लावून जोडलं आणि बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळाच्या रसातलं कालवण, चढवलं. दहा मिनिटं झाली असतील, सासूबाई देवघरातून ओरडल्या, अगो कसला वास येतोय बघ. मी म्हटलं तिरफळांचा असेल. तिरफळांचा नव्हता. प्लगचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडलं होतं आणि पिन सॉकेटमध्येच चिकटून बसली होती. चूक शेगडीची नाही, माझी. २००० वॉटची वस्तू २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढते आणि तो प्लग ६ अँपिअरचा. कन्व्हर्टरने पिन बसते, पण मागची वायर काही जाड होत नाही.

तर आता शेजारीपाजारी कोणी विचारलं की गॅस कमी करायचाय, काय घेऊ, तर मी सांगते आधी काहीच घेऊ नका. आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, घरात पाच माणसं, जुनं चिऱ्याचं घर आणि मागे वाढवलेलं स्लॅबचं स्वयंपाकघर. ज्या क्रमाने करायला हवं होतं तो क्रम खाली देतेय, मी स्वतः तो बरोबर उलटा केला होता.

पहिलं काम: बिल आणि पेन घेऊन बसा

घरचा सिलिंडर १४.२ किलोचा. एका किलो गॅसमध्ये साधारण १२.८ युनिट विजेइतकी उष्णता असते, म्हणजे पूर्ण सिलिंडरमध्ये झाली १८० युनिट. पण ती सगळी भांड्यात कुठे जाते, ज्योतीच्या बाजूने बरीच उष्णता हवा तापवण्यातच जाते, उगाच नाही मे महिन्यात स्वयंपाकघरात उभं राहवत. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती शेगडीची कार्यक्षमता कमीत कमी ६८ टक्के लागते, पण ती प्रयोगशाळेत, नव्या बर्नरवर. आपल्याकडे बर्नरची अर्धी भोकं उतू गेलेल्या पेजेने बुजलेली, वर खिडकीतून वारा, त्यामुळे ६० टक्के धरा. म्हणजे भांड्यात पोचतात १०८ युनिट. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून तेवढंच काम करायला १२५ ते १३० युनिट वीज लागते.

आता एवढंच करा, तुमच्या सिलिंडरच्या किमतीला १३० ने भागा. समजा सिलिंडर ९१० ला पडला, तर उत्तर येतं ७ रुपये. तुमचं वाढीव युनिट सात रुपयांच्या खाली पडत असेल तर वीज स्वस्त, वर गेलं तर गॅस स्वस्त.

वाढीव युनिट म्हणतेय, कारण आपल्याकडे दर स्लॅबने आहेत, पहिली १०० युनिट सगळ्यात स्वस्त आणि मग दर शंभराला चढत जातात. आमचा सिलिंडर साधारण ४०-४५ दिवस जायचा, म्हणजे सगळा स्वयंपाक विजेवर नेला तर रोजची ३ युनिट, महिन्याची नव्वदच्या वर. आधीचं बिल १८० युनिटचं असेल तर ही नवी युनिट वरच्या, महाग स्लॅबमध्ये जाऊन बसणार, पहिल्या स्वस्त शंभरात नाही. हे न बघताच लोक म्हणतात गोव्यात वीज स्वस्त. स्वस्त आहेच, पण तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात ते बघा. दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत असतात, म्हणून शेजाऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका, स्वतःचं ताजं बिल घ्या आणि खाली जोडलेले बाकीचे आकारही त्यात धरा.

त्याच बिलावर सँक्शन्ड लोड, म्हणजे तुमच्या कनेक्शनला मंजूर झालेला भार, किती किलोवॅट लिहिलाय तेही बघा. जुन्या घरांना तो अगदी कमी असतो, कारण घेतला तेव्हा चार बल्ब, एक पंखा आणि एक फ्रीज एवढाच संसार होता. आता इंडक्शन २ किलोवॅट, गीझर २, एसी दीड, वर फ्रीज, पंप, मिक्सर. कमी पडत असेल तर वीज खात्यात अर्ज करून वाढवून घ्या. फिक्स्ड चार्ज थोडा वाढतो, पण रोज मेन पडण्यापेक्षा बरं.

दुसरं काम: वायरमन

खरा खर्च इथे आहे आणि लोक नेमके इथेच हात आखडतात. ओट्याजवळ इंडक्शनसाठी एक आणि इलेक्ट्रिक कुकर किंवा केटलसाठी एक, असे दोन १६ अँपिअरचे पॉवर प्लग घ्या, दोघांना मेन बोर्डापासून वेगवेगळी २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि प्रत्येकाला आपापला एमसीबी, म्हणजे जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा स्विच. गीझरला ४ ची वायर ओढली तर उत्तमच. वायरमन म्हणेल कशाला, जुन्या लाईनवरूनच घेतो की, चालतं. नाही म्हणा. चालतं म्हणजे वितळेपर्यंत चालतं.

बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का बघा, नसेल तर इतर काही घ्यायच्या आधी तो बसवा. माणसाला शॉक बसायला लागला की मेन उडवणारी वस्तू तीच, साधा एमसीबी ते काम करत नाही. आणि अर्थिंग. आमच्या भागात खाली जांभा दगड, अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये पार कोरडा पडतो आणि मग भांड्याला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमनला मीटर लावून तपासायला सांगा, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेने प्लगच्या पिना काळ्या पडतात, पिन काळी आणि सैल असेल तर ती तापणार, वेळेत बदला.

तिसरं: भांडी बाहेर काढा

फ्रीजवरचं मॅग्नेट घ्या आणि एकेका भांड्याच्या बुडाला लावत जा. घट्ट चिकटलं तर इंडक्शनवर चालेल, नुसतं लोंबकळलं किंवा पडलं तर नाही. आमच्या घरी ही परीक्षा सासूबाईंनी घेतली, जमिनीवर बसून दोन ढीग केले, आणि नापासांचा ढीग एवढा मोठा झाला की त्या म्हणाल्या, म्हणजे माझं लग्नातलं सगळं वायाच. जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमचे, टोप नापास, पितळेचं पातेलं नापास, तांब्याचं तर विचारूच नका, डिचोलीच्या कुंभाराकडचं मातीचं कुंडलं नापास. स्टीलमधली निम्मी पास, निम्मी नाही, कारण सगळं स्टील मॅग्नेटला धरत नाही. बिडाचा तवा मात्र पहिल्या नंबराने पास.

बूड सपाट हवं आणि फार लहान नको, चहाच्या चिमुकल्या भांड्याला बरीच इंडक्शनं ओळखतच नाहीत, नुसती बीप बीप करत बसतात. नवीन घ्यायचीच तर एक इंडक्शन बुडाचा प्रेशर कुकर, एक जाड बुडाचा टोप आणि एक कढई, बास. सेटच्या नादाला लागू नका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलात तर मॅग्नेट पर्समध्ये ठेवून जा, दुकानदार सगळंच इंडक्शनचं म्हणून सांगतो.

बिडाचा तवा एकदम फुल पॉवरवर ठेवू नका, मधोमध तापून तडकू शकतो, आधी कमीवर दोन-तीन मिनिटं. आणि काचेवरून ओढू नका, उचला.

जर्मनच्या टोपांवर फारच जीव असेल तर इन्फ्रारेडची शेगडी मिळते, तिच्यावर कुठलंही सपाट भांडं चालतं. पण ती आधी स्वतः तापते आणि मग भांडं तापवते, म्हणून वीज थोडी जास्त खाते, बंद केल्यावरही काच बराच वेळ भाजेल इतकी गरम राहते. लहान मुलं असतील तर जपून.

चौथं: आता पाणी

स्वयंपाकाला अजून हात लावायचा नाही. आधी आंघोळीचं पाणी गॅसवरून काढा. हे सगळ्यात सोपं, आणि कोणाच्या चवीचा प्रश्न नाही त्यामुळे घरात भांडण होत नाही. गोव्यात टाकीतलं पाणी मुळात २६-२७ अंशांचं, आंघोळीला चाळीस-बेचाळीस पुरे. वीस लिटरची बादली पंधरा अंशांनी तापवायला लागते जेमतेम ०.३५ युनिट. तीन बादल्यांना एक युनिट! मी हा हिशोब तीनदा केला, कारण मला वाटायचं गीझर म्हणजे बिल खाणारा राक्षस. राक्षस गीझर नाही, दिवसभर चालू राहिलेला स्विच आहे. १० लिटरचा २ किलोवॅटचा गीझर १२ मिनिटांत तापतो, आंघोळीच्या आधी लावा, झालं की बंद. घेताना स्टार बघा, स्टोरेज गीझरमध्ये स्टार जास्त म्हणजे टाकीतली उष्णता कमी गळते.

ज्यांच्या न्हाणीत गॅस गीझर आहे त्यांनी तर हे काम आजच करा. बंद न्हाणीत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना रंग ना वास, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि बाहेर कोणाला कळतही नाही. दर हिवाळ्यात कुठून ना कुठून अशी बातमी येतेच.

मोठं कुटुंब असेल किंवा घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या असतील तर हीट पंप गीझरची चौकशी करा. हा हवेतली उष्णता खेचून पाण्यात घालतो, फ्रीजच्या उलट, आणि एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांचं काम करतो. आपली गरम दमट हवा त्याला मानवते. किंमत मात्र जबरी, चार-पाच माणसांच्या घराला मी सुचवणार नाही. परसात चूल आणि पाणी तापवायचं भाण असेल, वाडीतली नारळाची सोडणं-चुडतं फुकट पडलेली असतील, तर ते तसंच राहू दे, त्यात काही कमीपणा नाही.

पाचवं: भात

गोव्यात गॅस खातो कोण, तर उकडा तांदूळ. सुरई तांदूळ वीस मिनिटांत होतो, उकड्याला ज्योत पाऊण तास चालू. म्हणून माझ्या मते घरात आणायची पहिली स्वयंपाकाची वस्तू इंडक्शन नाही, इलेक्ट्रिक प्रेशर कुकर. पाच-सहा लिटरचा, हजार वॉटच्या आसपासचा. तो एकदा प्रेशर धरला की मधून मधूनच वीज घेतो, कारण बाजूने बंदिस्त असतो, उष्णता बाहेर जात नाही. तांदूळ रात्री भिजत घाला, सकाळी एकाला तीन-साडेतीन पाणी, प्रेशरवर २० मिनिटं, मग झाकण न उघडता तसाच पंधरा मिनिटं. पेज हवी असेल तर पाणी वाढवा. पहिल्या आठवड्यात दोनदा चिखल झाला आणि एकदा दाणा कच्चा राहिला, तुमच्याकडेही होणार, तांदूळ कुठल्या शेतातला त्यावर आहे सगळं.

त्यातच तूर, चणे, अळसांदे, खतखत्याच्या भाज्या. एवढं केलंत तरी सिलिंडर बरेच दिवस जास्त जातो, आणि घरातल्या मोठ्या माणसांची भीती मोडते, कारण बटण दाबून भात होतो हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं.

सहावं: आता आणा इंडक्शन

घेताना वॉट किती ते सगळेच बघतात, तुम्ही कमीवर ते कसं वागतं ते विचारा. स्वस्त इंडक्शन ३०० वॉटवर ठेवलं की खरं तर ३०० देत नाही, हजारावर चालू होतं, बंद होतं, परत चालू होतं. डाळीला काही फरक पडत नाही. पण नारळाच्या रसाला पडतो. हुमण मंद उकळायला ठेवलं की ते पाच सेकंद खदखदतं, मग दहा सेकंद गप्प, परत खदखदतं, आणि रस फुटून वर तेल आणि खाली पाणी. शक्य असेल तर दुकानात पाणी ठेवून कमीवर बघा, उकळी सलग येते का. घरी आणून बसलात आणि तसंच निघालं तर उपाय एकच, जाड बुडाचा टोप, आणि शेवटची पाच मिनिटं शेगडी बंद करून झाकण.

बाकी सवयीचा भाग. इंडक्शन भांडं बघता बघता तापवतं, फोडणीचं तेल अर्ध्या मिनिटात धूर काढतं, म्हणून मोहरी, कढीपत्ता, हिंग आधी हाताशी काढून ठेवा आणि मग बटण दाबा. पहिल्या दिवशी मी कांदा चिरायला वळले आणि मोहरीचा कोळसा. कुकरला पूर्ण पॉवर फक्त शिट्टी येईपर्यंत, मग लगेच ४००-५०० वर, नाहीतर शिट्ट्यांवर शिट्ट्या.

भाकरी आणि फुलका हा भांडणाचा मुद्दा. भाकरी बिडाच्या तव्यावर होते, पाणी लावून उलटायची आणि शेवटी फडक्याने कडा दाबायच्या, फुगते. गॅसवर टाकल्यासारखे काळे डाग पडत नाहीत एवढंच. घावणे आणि आंबोळ्या तर गॅसपेक्षा चांगल्या होतात. पण वांगं भाजणं, पापड, सुका बांगडा भाजून किसमूर, ह्याला विस्तवच पाहिजे. इन्फ्रारेडवर जाळी ठेवून होतं काम, पण सुका बांगडा घरात भाजायचा म्हणजे वास तीन दिवस. आम्ही मागच्या दारी तीन चिरे मांडले आहेत त्यासाठी.

घरात कोणाला पेसमेकर असेल तर इंडक्शन घेण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि चालू शेगडीपासून त्यांनी दोन फूट तरी लांब राहावं.

एक खास आपल्याकडची अडचण. इंडक्शनच्या खाली पंख्याची जाळी असते, आत ऊब, त्यामुळे मुंग्या, झुरळं आणि पाली सुखाने नांदायला जातात. पाल सर्किटवर गेली की पालही गेली आणि बोर्डही. रात्री पुसून, उभं करून कोरड्या जागी ठेवा, किंवा जाळीला बाहेरून बारीक नेट लावा, पण हवा अडवू नका.

पाऊस, आणि करंट गेला तर

हा प्रश्न पहिला येतो, आणि बरोबरच आहे. जूनच्या पहिल्या वाऱ्याला माडाचं झावळं तारांवर पडतं आणि संध्याकाळपर्यंत करंट नाही, सत्तरीकडच्या वाड्यांना तर विचारूच नका. घरातला पंख्या-दिव्यांचा इन्व्हर्टर २००० वॉटचं इंडक्शन ओढू शकत नाही, लावून बघू नका. म्हणून माझं स्पष्ट मत, गॅस पूर्ण काढू नका. एक बर्नर ठेवा, ५ किलोचा छोटा सिलिंडरही मिळतो. वापर क्वचित असला तरी रेग्युलेटर रोज बंद आणि रबरी नळीची तारीख बघून बदलायची.

मे अखेरीला आणि ऑक्टोबरात विजा कडाडायला लागल्या की इंडक्शन, कुकर, गीझर सगळ्यांच्या पिना काढून ठेवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. बोर्डात सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारी वस्तू, बसवला तर आणखी बरं.

छपरावर सोलर लावला म्हणजे करंट गेला तरी आपलं चालू, हा मोठा गैरसमज आहे. ग्रीडला जोडलेला साधा सोलर वीज गेली की आपोआप बंद होतो, तसाच बनवलेला असतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसेल. बिल कमी करायला मात्र तो उत्तम. पीएम सूर्यघर योजनेत केंद्राची सबसिडी १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,०००, आणि ३ किंवा जास्तला ७८,०००. स्लॅबचं घर असेल तर सरळ काम, कौलारूवर आधार कसा बसवणार आणि गळती कोण काढणार ते कामाआधी लिहून घ्या.

वाढलेली युनिट कुठून भरून काढायची

पंख्यांतून. जुना पंखा ७५ वॉट खातो, नव्या प्रकारच्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात, चार पंख्यांची ६५. स्वयंपाकाची नव्वद युनिट वाढली त्यातली ६५ इथेच परत आली, आणि ती वाचतात महाग स्लॅबमधली. मला आधी कोणी हे सांगितलं असतं तर मी इंडक्शनच्या आधी पंखे बदलले असते. सगळे एकदम नको, ज्या खोलीत पंखा रात्रभर फिरतो तिथून सुरुवात करा.

दुसरं, इंडक्शन, गीझर आणि एसी एका वेळी लावू नका. आमच्याकडे फ्रीजवर चिठ्ठी आहे, साडेसहा ते सात गीझर, सातनंतर शेगडी. पहिले पंधरा दिवस मेन पडायचा, आता चिठ्ठीकडे कोणी बघत नाही, अंगवळणी पडलंय.

गॅसचं कनेक्शन

कायमचं बंद करायचं ठरवलंत तर एजन्सीत सिलिंडर, रेग्युलेटर आणि कनेक्शन घेतानाचं सबस्क्रिप्शन व्हाउचर घेऊन जायचं, ते टर्मिनेशन व्हाउचर देतात आणि त्या वेळी भरलेलं डिपॉझिट परत मिळतं. पण निदान एक पावसाळा आणि एक चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जाऊ द्या. चवथीला नेवऱ्या तळायला, पातोळ्या उकडायला, खतखतं आणि पाच भाज्या एकाच सकाळी करायला एक इंडक्शन आणि एक कुकर पुरत नाही, त्या दिवशी आमच्याकडे गॅसचे दोन्ही बर्नर, इंडक्शन, कुकर आणि मागचे तीन चिरे सगळं पेटलेलं असतं.

आमचं व्हाउचर शोधायला दोन दिवस गेले, शेवटी सासऱ्यांच्या जुन्या रेशन कार्डाच्या प्लास्टिक पिशवीत सापडलं, घडीवर फाटलेलं. सासूबाईंनी ते चिकटपट्टी लावून परत त्याच पिशवीत ठेवलंय.